पहिला पीसी बांधताय? मदरबोर्डवर पैसे कुठं घालायचे आणि कुठं नाही

गेल्या महिन्यात भाच्यानं व्हॉट्सअपवर पार्टची यादी टाकली, खाली एवढंच, "मामा, ८० हजारात बसवायचंय, बघून सांग." बघितली आणि कपाळाला हात लावला. प्रोसेसर रायझन ५ ७६००, ठीक आहे, रॅम एसएसडी पण बरी, पण ग्राफिक्स कार्ड दुकानातलं सगळ्यात हलकं आणि मदरबोर्ड, म्हणजे हे सगळं ज्यावर बसतंय तो पाया, मात्र २४ हजाराचा. त्यावर लायटिंग काय, झाकणं काय, मागं वायफायचे दोन अँटेना. विचारलं, का रे बाबा एवढा भारी बोर्ड? तर म्हणतोय, "बोर्ड चांगला असला की गेम पळत्यात ना मामा."

नाही पळत. पोरगं तासगावचं, घरी द्राक्षबाग, म्हणून त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं. बागेचा मांडव असतोय, अँगल आणि तारा. मांडव कच्चा असला तर माल भरल्यावर एखाद्या वाऱ्यापावसात अख्खी बाग भुईला टेकते. पण अँगल चांदीचे बसवले म्हणून द्राक्षं गोड होत नाहीत. बोर्डाचं तसंच, प्रोसेसरचं ओझं पेललं पाहिजे, लागतील तेवढे पोर्ट आणि स्लॉट पाहिजेत, बास. फ्रेम (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) देतंय ते ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्या खालोखाल प्रोसेसर. तेच कार्ड, तोच प्रोसेसर १० हजाराच्या बोर्डवर लावा नाहीतर ३० हजाराच्या, गेममध्ये फरक डोळ्याला दिसणार नाही.

तो फोन तासभर चालला. त्यात जे जे सांगितलं ते इथं लिहून काढतोय, म्हणजे पुढच्या वेळी कोणी विचारलं तर हेच पाठवता येईल.

पायरी १ : आधी प्रोसेसर ठरवा, बोर्ड नंतर

दुकानात जाऊन "एक चांगला बोर्ड दाखवा" म्हणू नका. प्रोसेसर बोर्डवरच्या ज्या जागेत, म्हणजे सॉकेटात, बसतो त्याच सॉकेटचा बोर्ड लागतो, तिथं जुगाड नाही. सध्या मध्यम बजेटला चार सॉकेट डोळ्यासमोर येतात.

एएमडीचं एएम४, २०१७ पासूनच्या रायझनचं. रायझन ५ ५६००, ५५००, ५६००जी, ५७००एक्स ही मंडळी इथं बसतात. जुनं झालं पण मेलेलं नाही, स्वस्तात बांधायचं असेल तर अजून चालतंय. त्यानंतर एएम५, २०२२ ला आलं, रायझन ७०००, ८००० आणि ९००० यात बसतात, आणि २०२७ पर्यंत आणि त्यापुढंही हे सॉकेट चालू ठेवू असं एएमडीनं जाहीर केलंय. म्हणजे आज ७६०० घेतला आणि तीन वर्षांनी जोरदार प्रोसेसर टाकायचा झाला तर बोर्ड तोच राहतोय.

इंटेलकडं एलजीए १७००, त्यात १२ वी, १३ वी, १४ वी पिढी. आय५ १२४००एफ, १३४००एफ हे नेहमीचे गिऱ्हाईक. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आलेलं एलजीए १८५१, कोअर अल्ट्रा २०० वाल्यांचं. १७०० चा रस्ता १४ व्या पिढीला संपला, पुढचा प्रोसेसर पाहिजे तर बोर्डही बदलावा लागणार, हे माहीत असून घ्या. पाच वर्षं हातच लावणार नसाल तर त्यानं काही अडत नाही.

माझं मत विचाराल तर नवीन बांधणाऱ्यानं जमत असेल तर एएम५ धरावं. जमत नसेल तर १२४००एफ किंवा ५६०० घेऊन गप खेळत बसावं, त्यात लाज काही नाही.

पायरी २ : अक्षर वाचायला शिका

बोर्डाच्या नावात एक अक्षर आणि तीन आकडे असतात, तो चिपसेट, बोर्डवर काय काय सोयी मिळणार ते ठरवणारी चिप. निम्मी फसवाफसवी इथंच होते, आणि मी स्वतः फसलोय म्हणून जरा लांबण लावतो.

माझा पहिला बिल्ड, प्रोसेसर १२४००एफ. दुकानदार म्हणाला, साहेब झेड६९० घ्या, टॉपचा आहे, ओव्हरक्लॉक होतोय, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवता येतोय. मीपण मान डोलावली, झेड म्हणजे शेवटचं अक्षर, म्हणजे सगळ्यात वरचं असणार. घरी येऊन आठवडाभर बायोसमध्ये (बोर्डचं स्वतःचं सेटिंग) शोधतोय, ओव्हरक्लॉकचा गुणक, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, हलता हलेना. मग कळलं की ज्या इंटेल प्रोसेसरच्या नावात आकड्यांनंतर के असतोय तोच असा ओव्हरक्लॉक होतोय. माझा होता नुसता एफ, आणि एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, एवढंच. जवळजवळ ९ हजार जास्त गेले आणि तेवढ्यासाठी ग्राफिक्स कार्ड एक पायरी खाली उतरवलं होतं. दोन वर्षं तो बोर्ड बघितला की पोटात दुखायचं.

तर इंटेल १७०० ला असं धरा. झेड६९०, झेड७९० के वाल्यांसाठी, मध्यम बजेटवाल्यानं त्या वाटेला जाऊ नये. बी६६० आणि बी७६० मधला माल, रॅमचा वेग वाढवता येतो, रॅमचे स्लॉट बहुतेक चार, एम.२ म्हणजे एसएसडी बसवायचे स्लॉट दोन तरी मिळतात. एच६१० सगळ्यात खालचा. रॅमचे दोनच स्लॉट, रॅमचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर नेता येत नाही, डीडीआर४ (रॅमची जुनी पिढी) असेल तर ३२०० ला थांबतोय, आणि एम.२ बहुतेक वेळा जुन्या, कमी वेगाच्या थर्ड जनरेशनचा. आता एच६१० म्हणजे कचरा का? अजिबात नाही. १२४००एफ, ३२०० ची रॅम आणि एक एसएसडी एवढंच असेल तर एच६१० वर सुखात चालतंय. पण त्यावर आय७ चढवायचा नाही, ती गोष्ट पुढं येतेच.

एएमडीचं गणित सोपं आहे. एएम४ ला ए५२०, बी४५०, बी५५० आणि वर एक्स५७०. एएम५ ला ए६२०, बी६५०, नंतर आलेले बी८४० आणि बी८५०, वर एक्स वाले. ए नं सुरू होणाऱ्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, बी६५० आणि बी८५० मध्ये होतो. नाव फसवतंय ते बी८४० चं. आकडा बी६५० पेक्षा मोठा म्हणून वरचा वाटतो, पण त्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही आणि सोयी ए६२० च्या जवळच्या. आकडा मोठा म्हणून भुलू नका.

एएम४ वाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. ए५२० आणि बी४५० वर ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई (कार्ड आणि बोर्डमधली वाट, आकडा मोठा तेवढी वेगवान) ३.० चा, बी५५० वर ४.० चा. आरटीएक्स ४०६० सारख्या कार्डाला ३.० वर थोडंच कमी पडतंय, पण आरएक्स ६५०० एक्सटी सारखं कार्ड चारच लेन (डेटा जायच्या पट्ट्या) वापरतंय, ते ३.० वर चांगलंच मार खातंय. आणि गंमत म्हणजे प्रोसेसर ५५०० किंवा ५६००जी असेल तर तो स्वतःच ३.० चा, मग बी५५० घेऊनही ४.० मिळत नाही.

पायरी ३ : रॅम कुठली, ते बोर्ड ठरवतोय

एएम४ म्हणजे डीडीआर४. एएम५ म्हणजे डीडीआर५. एलजीए १८५१ पण डीडीआर५. फक्त १७०० ला दोन्ही प्रकारचे बोर्ड येतात, आणि तिथंच गोंधळ होतोय. एकाच बोर्डाचं डीडीआर४ वालं आणि डीडीआर५ वालं असे दोन भाऊ असतात, नावात शेवटी डी४ असं काहीतरी बारीक लिहिलेलं असतंय. दोन्ही रॅमना पिना २८८ च, लांबीही तेवढीच, पण मधली खाच वेगळ्या जागी. ओळखीच्या एकानं बसत नाही म्हणून अंगठ्यानं दाबत दाबत स्लॉटचं टोक फोडलं. बसत नसेल तर थांबा, दाबू नका.

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत ते तुम्हाला दुकानात गेल्यावर कळेलच, त्यामुळं घरात जुनी डीडीआर४ पडून असेल तर १७०० चा डी४ बोर्ड किंवा एएम४ हा सरळ हिशोब होतोय. नसेल तर बोर्डाची आणि रॅमची किंमत मिळून बघा, सुटा बोर्ड स्वस्त दिसला म्हणून उड्या मारू नका.

दोन स्लॉट की चार? खरं सांगू, गेमिंगला दोन भागतात. पण आज ८-८ जीबीच्या दोन काड्या घेणार आणि वर्षानं आणखी दोन घालणार असा विचार असेल तर चार पाहिजेत, नाहीतर आधीच्या काड्या विकायची वेळ येते. एकच काडी लावून चालवू नका, दोन लावल्या की ड्युअल चॅनल होतंय, म्हणजे दोन वाटांनी काम चालतंय, आणि त्याचा फरक जाणवतोय, विशेष करून ५६००जी सारखं आतल्या ग्राफिक्सवर चालवणार असाल तर.

पायरी ४ : व्हीआरएम, म्हणजे खरा मांडव

एसएमपीएस (पॉवर सप्लाय) मधून बोर्डला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात एक-सव्वा व्होल्टच्या आसपास, पण करंट भरपूर. हा बदल करणारं जे खटलं सॉकेटच्या डाव्या बाजूला आणि वर बसलेलं असतंय ते व्हीआरएम. फोटोत बघा, करड्या चौकोनी ठोकळ्यांची रांग दिसते, ते चोक. त्यांच्या शेजारी सपाट काळ्या चिपा, त्या मॉसफेट, आणि खरं तापतंय ते हे. चांगल्या बोर्डवर त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा हीटसिंक असतोय, स्वस्तात त्या उघड्या पडलेल्या असतात.

आता ती आय७ ची गोष्ट. मिरजेला एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतोय. त्यानं कुणाच्या तरी सांगण्यावरून आय७ १२७०० घेतला आणि पैसे वाचवायला एच६१० चा सगळ्यात स्वस्त बोर्ड, व्हीआरएमवर हीटसिंक नावाला नाही. डब्यावर ६५ वॅट लिहिलंय म्हणून निर्धास्त. पण ते ६५ वॅट हे बेस, हाच प्रोसेसर जोरात आला की इंटेलच्याच कागदावर १८० वॅटपर्यंत जातोय. थंडीत कळलं नाही. मे महिना आला, लग्नसराई, एडिटिंगची खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रा, बाहेर ४० अंश. रेंडर लावलं की पहिली काही मिनिटं सुसाट आणि मग एकदम बैलगाडी. त्यानं विंडोज दोनदा टाकलं, प्रोसेसरची पेस्ट बदलली, कूलर बदलला, काही उपयोग नाही.

मी गेलो तेव्हा बाजूचं झाकण काढून सॉकेटच्या डावीकडं बोट जवळ नेलं, टेकवायची गरजच पडली नाही, आधीच झळ लागली. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यात बघितलं तर प्रोसेसर ७० अंशाला आणि तरी क्लॉक, म्हणजे वेग, पडलेला. म्हणजे प्रोसेसर गरम नव्हता, त्याला खायला घालणारा दमला होता. त्या दिवशी बायोसमध्ये पॉवर लिमिट खाली आणली आणि एक १२० मिमीचा पंखा टायनं बांधून त्या जागेवर रोखला, सीझन निभावला. दिवाळीला त्यानं हीटसिंकवाला बी७६० घेतला, तेव्हापासून तक्रार नाही.

म्हणून हिशोब असा. ५६००, ७६००, १२४००एफ यांची भूक कमी. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॅट, ७६०० ८८ वॅट, १२४००एफ ११७ वॅट. यांना साधा बोर्ड पेलतोय, तरी आपल्याकडचा उन्हाळा बघता हीटसिंक असलेला घ्या, हजार-पाचशेचा फरक असतोय. १३४००एफ १४८ वॅटपर्यंत जातोय, तिथून पुढं हीटसिंक पाहिजेच. आणि पुढंमागं एएम५ वर मोठा रायझन टाकायचा बेत असेल तर आजच बरा बी६५० घ्या, ए६२० मध्ये अडकू नका.

"१२ फेज", "१४ फेज" असं डब्यावर छापलेलं असतंय त्याला फार भाव देऊ नका. एकाच फेजमध्ये दोन दोन ठोकळे लावून आकडा फुगवतात. त्यापेक्षा त्या नेमक्या मॉडेलचं नाव टाकून कोणी व्हीआरएमचं तापमान मोजलंय का ते यूट्यूबवर शोधा. आणि सॉकेटच्या वरच्या कोपऱ्यात प्रोसेसरच्या पॉवरचं कनेक्टर ४ पिनचं की ८ पिनचं ते बघा, ४ पिनचं दिसलं की समजा कंपनीला स्वतःलाच या बोर्डवर मोठा प्रोसेसर नकोय.

पायरी ५ : कागद घ्या आणि मोजा

घरी काय काय जोडणार ते खरंच लिहून काढा. माऊस, कीबोर्ड, प्रिंटर, वेबकॅम, पेनड्राइव्हला एक मोकळा. मागं सहा यूएसबी तरी असावेत, स्वस्त बोर्डवर चारच दिले की पुढं हब घेत बसावं लागतंय.

एम.२ चे स्लॉट दोन असले तर बरं. एक विंडोजला, दुसरा पुढं गेम भरायला. थर्ड जनरेशनची एनव्हीएमई (एम.२ मध्ये बसणारी वेगवान एसएसडी) साधारण सेकंदाला ३५०० एमबी वाचते, फोर्थ ७००० पर्यंत, पण गेम उघडायला त्यातलं निम्मं पण जाणवत नाही, त्यामुळं फोर्थसाठी हट्ट धरू नका. काही बोर्डवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी घातली की एखाद-दुसरं साटा (हार्डडिस्कच्या वायरीचं) पोर्ट बंद पडतंय, मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतंय. जुनी हार्डडिस्क अचानक दिसेना झाली तर आधी हे तपासा.

वायफाय. बऱ्याच जणांच्या घरी फायबरचा राऊटर हॉलमध्ये आणि पीसी आतल्या खोलीत. वायर ओढता येत असेल तर ओढा, लॅन केबलसारखं सुख नाही. येत नसेल तर वायफायवाला बोर्ड हजार-दीड हजार जास्त जातोय, त्यापेक्षा यूएसबी डोंगल पाच-सातशेला येतोय पण कधीमधी रुसतोय. इथं तुमचं तुम्ही ठरवा.

आकार. एटीएक्स ३०५ बाय २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४, मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मध्यम बजेटला मायक्रो एटीएक्सच घ्या. ग्राफिक्स कार्ड एकच लावणार, मग खालचे रिकामे स्लॉट काय पूजेला ठेवायचे? मिनी आयटीएक्स दिसायला गोड पण त्याच तोडीचा बोर्ड महाग पडतोय.

कॅबिनेटला पुढं टाइप-सी असेल तर बोर्डवर त्याचं वेगळं हेडर (आतली वायर खोचायची जागा) आहे का बघा, नसेल तर ते भोक शोभेचं राहील. पंख्याची हेडर तीन तरी असावीत. आणि बोर्डवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट अशा चार बारक्या डीबग लाइट असतील तर तो बोर्ड दोनशे रुपये जास्त देऊन पण घ्या, पीसी चालू होत नसेल तेव्हा नेमकं दुखतंय कुठं ते या लाइट सांगतात.

बोर्डच्या मागचं एचडीएमआय नुसतं दिसतंय म्हणून चालत नाही. १२४००एफ, ५६००, ७५००एफ यांच्या आत ग्राफिक्सच नाही, मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डलाच लावायची. ७६०० मध्ये आहे, म्हणून तिथं बोर्डला वायर लावली तरी चित्र दिसतंय, आणि मग लोक म्हणतात मामा नवीन कार्ड घेऊन पण गेम अडकतोय. वायर बदल की लेका!

पायरी ६ : बायोस

जुन्या साठ्यातला बोर्ड आणि नवा प्रोसेसर असं झालं की पीसी चालूच होत नाही, कारण बोर्डला तो प्रोसेसर ओळखू येत नाही. बी४५० वर रायझन ५०००, बी६६० वर १३ वी-१४ वी पिढी, बी६५० वर रायझन ९००० अशा जोड्यांत हे होऊ शकतंय. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डच्या पानावर प्रोसेसरची यादी असते, समोर कुठल्या बायोसपासून चालतो ते दिलेलं असतंय. दुकानदाराला विचारा, बायोस अपडेट करून देणार का. बोर्डवर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न बसवता पण पेनड्राइव्हवरून अपडेट होतंय.

इंटेलचा १३ वी-१४ वी पिढीचा प्रोसेसर घेत असाल तर अपडेट करायचंच. त्यातल्या काही प्रोसेसरला जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे बिघडत होते, २०२४ मध्ये इंटेलनं त्यावरची दुरुस्ती (मायक्रोकोड) बायोस अपडेटमधूनच दिली.

आणि बायोस टाकताना लाईट गेली की बोर्ड मेला असं समजा, वळवाच्या पावसाचं आभाळ भरून आलेलं असताना हा उद्योग करू नका. यूपीएस असेल तर त्यावर लावून करा.

पायरी ७ : विकत घेताना

सांगली-कोल्हापुरात दुकानं आहेत, सगळी मॉडेल मिळत नाहीत पण ओळखीनं मागवून देतात. पुणं आहे, मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, ऑनलाइन आहेच. पाचशे-हजारानं महाग पडलं तरी बोर्ड मी गावातनंच घेतो, कारण बाकी सगळ्यापेक्षा बोर्डाची भानगड जास्त होते आणि परत द्यायला दुकानाच्या पायरीवर उभं राहता येतंय. बिल पक्कं घ्या, १८ टक्के जीएसटी लागतोय, "बिलाशिवाय स्वस्त देतो" याला हो म्हणू नका. बिलावर सिरीयल नंबर पाहिजे, वॉरंटी बहुतेक ३ वर्षांची असते ती त्यावरच.

डबा दुकानातच उघडा, मोबाइलवर व्हिडिओ काढत. इंटेल आणि एएम५ च्या बोर्डवर सॉकेटातच बारीक पिना असतात, वर काळं प्लॅस्टिकचं झाकण. झाकण काढून उजेडात तिरकं धरून बघा, पिनांच्या रांगा शेतातल्या सरीसारख्या सरळ दिसल्या पाहिजेत, एक जरी वेगळी चमकली तर तो बोर्ड घेऊ नका, वाकलेल्या पिनेला वॉरंटी मिळत नाही. झाकण परत लावा. मग मागची पत्र्याची पट्टी, साटाच्या वायरी आणि एम.२ चा बारका स्क्रू आहे का बघा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा, तो हरवला की गावात मिळायला चार दुकानं फिरावी लागतात. कधी तो बोर्डवरच एम.२ च्या टोकाला लावून ठेवलेला असतोय.

सेकंडहँड घेत असाल तर सांगलीत एक जास्तीची तपासणी. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा घराघरात शिरली, २०२१ ला पण पाणी आलं, आणि त्यानंतर भिजलेला माल धुऊन पुसून बाजारात आलेला मी डोळ्यानं बघितलाय. बोर्ड वरून चकाचक असतोय. तुम्ही बघायचं ते ग्राफिक्स कार्डच्या स्लॉटच्या आत टॉर्च मारून, तिथली गाळाची बारीक रेघ ब्रशनं निघत नाही. बॅटरी काढा, गोल सीआर२०३२ असते, तिच्या खालच्या पत्रीवर हिरवट-पांढरं काही दिसलं की नमस्कार करून निघा. यूएसबीच्या कडांचा गंज पण तेच सांगतोय.

ऑनलाइन अनोळखी नावाचे एक्स९९ चे बोर्ड जुन्या झिऑन प्रोसेसरसकट भलतेच स्वस्त दिसतात. ज्याला दुरुस्तीचा नाद आहे त्यानं घ्यावेत, पहिल्या बिल्डला नको.

पायरी ८ : बसवताना

कॅबिनेटात आधी मागची पत्र्याची पट्टी, मग बोर्ड. पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतोय ते खुंटे, बोर्डच्या भोकांना जुळवून घ्या, जास्तीचा एखादा राहिला तर बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट होतोय. रॅम दोन असतील आणि स्लॉट चार, तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा. एम.२ च्या हीटसिंकखालचं पारदर्शक प्लॅस्टिक सोलून काढा, दहातले पाच जण विसरतात. मोठं २४ पिनचं कनेक्टर सगळे लावतात, वरच्या कोपऱ्यातलं ८ पिनचं राहून जातंय आणि मग पंखे फिरतात, स्क्रीन काळी.

भाच्यानं शेवटी १२ हजाराचा बी६५० मायक्रो एटीएक्स घेतला, व्हीआरएमवर हीटसिंक, एम.२ दोन, वायफाय नाही. उरलेले १२ हजार ग्राफिक्स कार्डात गेले. रविवारी संध्याकाळी फोन, "मामा, पंखे फिरायलेत, स्क्रीन काळीच. दोनदा बंद करून चालू केला." म्हटलं लाइट कुठली लागलीय? डीरॅम. मग हात लावू नकोस. एएम५ वर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड रॅमची मोजणी जुळवत बसतोय, त्याला काही मिनिटं लागतात, मध्येच बंद केलं की पहिल्यापासून. तू खाली जाऊन जेवून ये.

भाकरी खाऊन वर गेला तर बायोस उघडून बसलेला. फोटो पाठवला, रॅमपुढं ४८०० लिहिलेलं. घेताना तर ६००० ची घेतली होती, लगेच तोंड पडलं. एक्स्पो म्हणून एक ओळ आहे बघ तिथं, ती चालू कर, सेव्ह कर. इंटेलला त्यालाच एक्सएमपी म्हणतात. पुन्हा काळी स्क्रीन, पुन्हा डीरॅमची लाइट, ह्या वेळी त्यानं फोन केला नाही. पंधरा मिनिटांनी नुसता फोटो आला, ६०००.